बाटली फुटली, चुकलं कुठं?

प्रश्न : भाऊ, पुण्यात शिकणाऱ्या पोरानं घरी बिअर बनवायचं खूळ काढलं, पण आमचा जिल्हा वर्धा, म्हणून यीस्ट टाकून आल्याचं फसफसणारं सरबत लावलं, तर दुसऱ्याच रात्री काचेची बाटली फुटली, सासूबाई दचकून उठल्या!

उत्तर : ताई, बरं झालं बिअर नाही लावली, वर्ध्यात दारूबंदी आहेच, पण बाकी महाराष्ट्रातही १९४९ च्या कायद्यानं परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हाच. आता बाटलीचं. यीस्टला २०-२२ डिग्री बस होते, अन् आपल्याकडं मे महिन्यात घरातच चाळिशी, मग ते साखर खाऊन भराभर गॅस सोडते, झाकण घट्ट असलं की काच फुटणारच ना. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घ्या, वर चार बोटं जागा ठेवा, दाबून दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. लाईट गेली तर झाकण हळूच ढिलं करत राहा. अन् त्यातही थोडी दारू होतेच बरं, लहान पोराईले देऊ नका.