'पोहता येतं का?' – 'हो'

"मॅडम, शिबिरवाल्यांनी त्याचा आत्मविश्वासच घालवला हो." खुर्चीत नीट बसायच्या आधीच आई बोलली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दहा वर्षांचा मुलगा, धरणाकाठचं उन्हाळी शिबिर. अर्जात 'पोहता येतं का?' याच्यापुढे आईने 'हो' लिहिलं. खोटं नव्हे, पोहण्याच्या तलावावर महिन्याची बॅच झाली होती, प्रमाणपत्र होतं. तरी पहिल्याच दिवशी सगळ्यांची चाचणी घेतली. डोक्यावर जाईल इतक्या पाण्यात उडी मारायची, वर यायचं, मिनिटभर तरंगायचं, मग 25 मीटर पोहून कुणाच्या मदतीशिवाय बाहेर निघायचं. याला ते जमलं नाही. मनगटाला लाल पट्टी बांधली आणि तीन दिवस लहानग्यांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात.

"येतं ना त्याला! मग चारचौघांत अपमान कशाला?" दर उन्हाळ्यात हे मला कुणी ना कुणी विचारतंच.

मुलाशी वेगळं बोलले. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "मी कडेकडेने पोहतो. दमलं की धरता येतं." आणि चाचणीत? "वर आलो, पाय खाली सोडले, तर टेकेचनात. खाली काही नव्हतंच."

महिनाभर पोरगं भिंतीला धरून होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! पट्टी बांधल्यावर काय वाटलं, विचारलं. "रडलो. आईला सांगायचं होतं ना. पण बरंही वाटलं. आता धरणात जा म्हणणार नाहीत."

धरणाला भिंतीची कड नसते, तळ दिसत नाही, काठाच्या गाळात पाय रुततो. शिवाय बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. श्वास घेतानाच त्याची पुरेवाट होते, हाक कुठून मारणार? म्हणून कुणाला किती येतं, हे आधीच बघून ठेवावं लागतं. आमच्या गावी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकवत. डबा सुटेपर्यंत 'येतं' म्हणायची सोय नव्हती, आणि सोडायच्या दिवशी काका आधीच पाण्यात उतरलेला असे.

आईला म्हटलं, शिबिरवाल्यांशी भांडू नका. पुन्हा चाचणी देता येते का आणि पोरं पाण्यात असताना काठावर लक्ष ठेवायला कोण असतं, ते विचारा. तलावावरच्या सरांना सांगा, याला भिंतीपासून लांब, मधून पोहायला लावा, पण स्वतः हाताच्या अंतरावर राहा. पाठीवर तरंगणं पक्कं करून घ्या. आणि 'तुला येतं रे' हे काही दिवस बंद.

ती जरा गप्प झाली. "सोसायटीत सगळ्यांना मीच सांगितलं होतं," म्हणाली.

दिवाळीच्या शिबिराचा अर्ज मुलाने स्वतः भरला. त्या रकान्यात लिहिलं, 'कडेने येतं. मधून अजून नाही.' असं लिहिलेलं चालतं का, हे विचारायला आईचा फोन आला होता.