तुमचे प्रश्न : बंदर शहराचं, पण गल्ला कोणाचा?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात लाँग बीचला राहते, ऑफिसला जाताना रोज तो नवा केबलचा पूल लागतो. बंदर आमच्या सिटीच्या मालकीचं, तिथे सदानकदा काहीतरी बांधकाम आणि पेपरात शेकडो कोटींचे आकडे. मग आमच्या गल्लीतले खड्डे बुजवायला पैसे का नसतात? की हे सगळं आमच्याच टॅक्समधून चाललंय?

उत्तर : ताई, टॅक्सचं आधी सांगतो, नाही. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून बंदराचे धक्के बांधत नाहीत आणि बंदराच्या पैशातून तुमच्या गल्लीतले खड्डे बुजत नाहीत, आणि दोन्हीचं कारण एकच. १९११ साली राज्याने ही भरती-ओहोटीची जमीन शहराला दिली ती विश्वस्त म्हणून. देवस्थानच्या जमिनीसारखं समजा, सातबारा नावावर आहे पण दानपेटी फोडून घराला रंग देता येत नाही. बंदराची कमाई बंदर, जहाजवाहतूक, किनारा असल्या कामांवरच खर्च करायची. थोडी वाट ठेवलीय, २०१० मध्ये मतदारांनी ठरवलं की बंदराच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम शहराच्या किनारा फंडात जाऊ शकते, पण तीही किनाऱ्यावरच वापरायची. तुमची गल्ली समुद्राला लागून असती तर गोष्ट वेगळी होती!

कारभार बघायला पाच कमिशनर, महापौर नेमतात आणि कौन्सिल मंजुरी देतं. बंदर स्वतः माल उतरवत नाही, ते घरमालक. जागा, धक्का, पायाभूत सोयी बांधून माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टर्मिनल कंपन्यांना भाड्याने द्यायच्या, आणि त्या भाड्याच्या भरवशावर बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, काढायचे. बॉन्ड फेडायची जबाबदारी बंदराच्या उत्पन्नाची, शहराच्या तिजोरीची नाही.

याच बंदरातल्या मिडल हार्बरचं उदाहरण घ्या, मला ते फार आवडतं. दोन जुनी टर्मिनल एकत्र करून एक मोठं करायचं होतं, २००९ मध्ये मंजुरी मिळाली, २०११ ला काम सुरू, आणि काम अर्धवट असतानाच २०१२ मध्ये भाडेकरूशी ४० वर्षांचा करार करून टाकला, किंमत ४६० कोटी डॉलर. म्हणजे बिल्डिंग पूर्ण व्हायच्या आधीच भाडं पक्कं, बँकवाले खूश. काम पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं, खर्च सुमारे दीडशे कोटी. गंमत म्हणजे मधल्या काळात ती भाडेकरू कंपनीच एका चिनी कंपनीने विकत घेतली, अमेरिकन सरकारच्या सुरक्षेच्या अटीमुळे टर्मिनल विकावं लागलं, मालक बदलले, पण भाडेकरार चालूच राहिला.

तुमचा रोजचा पूल मात्र वेगळी केस आहे, तिथून नुसते कंटेनरचे ट्रक नाही तर तुमच्यासारखी माणसंही जातात. जुना पूल १९६८ चा, शेवटी शेवटी त्याच्या पोटाखाली नायलॉनच्या जाळ्या बांधल्या होत्या, सुटणारे काँक्रीटचे तुकडे खाली पडू नयेत म्हणून! शिवाय तो पाण्यापासून १५५ फूट, मोठी जहाजं जाणार कशी, नवा २०५ फूट. खर्चाचा अंदाज सुरुवातीला शंभर कोटी डॉलरच्या आत होता, झाले दीडशेच्या आसपास. एक कारण जमिनीखाली होतं, हा सगळा तेलाचा पट्टा, पाया खणायचा म्हणजे जुन्या विहिरी आणि पाइपलाइन आधी निस्तरायच्या. पैसे केंद्र, राज्य आणि बंदर मिळून, त्यात बंदराने केंद्राकडून ३२ कोटी ५० लाखांपर्यंतचं कर्ज घेतलं. आता बंदरातल्या पियर बी या भागात रेल्वे यार्डचं काम चालू आहे, २०१८ ला ८७ कोटी सांगितले होते, नंतर ते १५७ कोटीच्या आसपास गेले, २०३२ ला पूर्ण होणार म्हणे. केंद्राने २८ कोटी ३० लाखांची ग्रँट दिलीय. माझं मत विचाराल तर असला पहिला आकडा कधीच मनावर घेऊ नये, आपल्याकडेही आणि तिकडेही.

प्रश्न : मी उरणचा. मग आपली बंदरं महापालिकेकडे का नाहीत?

उत्तर : दादा, कारण आपल्याकडची 'मेजर पोर्ट' म्हणवली जाणारी मोठी बंदरं केंद्राच्या हातात. मुंबईचं पोर्ट ट्रस्ट १८७३ चं, तुमच्या शेजारचं न्हावा शेवा १९८९ चं. पण घरमालकाचा धंदा इथेही आलाच, न्हावा शेव्यात टर्मिनल खाजगी कंपन्या चालवतात. नवं वाढवण बंदर तर ७६,२२० कोटी रुपयांचं, त्यात जेएनपीएचा (न्हावा शेवा बघणारी केंद्राची संस्था) ७४ टक्के आणि राज्याच्या महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा २६ टक्के वाटा. पालिकेचं नाव कुठेच नाही.

प्रश्न : बॉन्ड काढून बांधलं आणि जहाजंच आली नाहीत तर?

उत्तर : हा खरा प्रश्न. लाँग बीचला २००७ मध्ये ७३ लाख कंटेनर (२० फुटी हिशोबाने) आले आणि २००९ मध्ये जेमतेम ५० लाख, दोन वर्षांत तीस टक्के साफ. (२०२४ मध्ये ९६ लाखांवर गेले, ते वेगळं.) आणि त्या मंदीचा फटका दिसला तो अलामेडा कॉरिडॉरला. हा २० मैलांचा रेल्वेमार्ग, त्यातले १० मैल खोल चर खणून गाड्या खालून नेल्यात, लाँग बीच आणि लॉस एंजेलिस या दोन्ही बंदरांनी मिळून उभा केला, २४० कोटी डॉलर, २००२ ला सुरू. ४० कोटी केंद्राचं कर्ज, बाकी मुख्यतः बॉन्ड आणि बंदरांचे पैसे, आणि फेड कशातून तर रेल्वे कंपन्या प्रत्येक कंटेनरमागे फी देतात त्यातून. फी कमी पडली तर हप्त्यांच्या ४० टक्क्यांपर्यंत दोन्ही बंदरांनी भरायचं असा करार आधीच होता. २०११ आणि २०१२ मध्ये ती वेळ आली, दोघांनी आपापल्या गल्ल्यातून भरले, आणि ताईंच्या टॅक्सला तेव्हाही हात लागला नाही.