खाणकामाला खरोखर पर्याय आहे का?

धातू सगळ्यांनाच हवेत, मग खाणकामाला पर्याय ही केवळ बोलण्याची गोष्ट नाही का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा असल्याने बॉक्साइटपुरते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजापुरते लिहितो, कारण राधानगरी-चंदगडच्या सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवरून निघालेल्या या खनिजापासून आमच्या शहरात अनेक दशके अ‍ॅल्युमिना (ज्यापासून पुढे अ‍ॅल्युमिनियम बनते ती पांढरी भुकटी) तयार होत आली आहे.

एक टन अ‍ॅल्युमिनियमसाठी सुमारे चार ते पाच टन बॉक्साइट लागते आणि मागे दोन-तीन टन तांबडा चिखल उरतो. त्यात कॉस्टिक सोड्याचा अंश असल्यामुळे तो वर्षानुवर्षे बांध घालून सांभाळावा लागतो. २०१० साली हंगेरीत आयका येथे असाच बांध फुटून दहा माणसे दगावली. सड्यावरचे नुकसान मात्र बातमीत येत नाही. जांभ्याचा आणि बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि उतारावरच्या झऱ्यांना पावसाळ्यानंतरही पुरवत राहतो. तो थर काढला की पाणी लाल, गढूळ होऊन ओढ्याने निघून जाते आणि जाताना खालच्या शेतांत गाळ टाकते. खड्ड्यात माती भरून झाडे लावता येतात, पण तो थर पुन्हा घालता येत नाही.

भंगार वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, म्हणून पहिला पर्याय तोच. भंगारवाला जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्याचे कान हातोडीने तोडून लोखंडी खिळे वेगळे करतो, कारण वितळलेल्या रसात लोखंड उतरले तर ते काढणे फार कठीण असते. हे कसबी काम करणाऱ्यांना हातमोजे, विमा आणि रास्त मजुरी मिळाली पाहिजे. नाहीतर खाणीचा भार आपण फक्त दुसऱ्याच्या फुप्फुसांवर टाकू.

भंगार सगळी गरज भागवणार नाही, हेही खरे. खिडक्यांत आणि विजेच्या तारांत अडकलेला धातू परत यायला काही दशके जातात आणि मागणी तर वाढतेच आहे. म्हणून काही सडे कायमचे वगळावेत आणि तांबडा चिखल शक्य तितका सिमेंटच्या भट्ट्यांकडे जावा. खाण कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के, तर लिलावातल्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या १० टक्के इतकी जादा रक्कम खाणग्रस्तांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा होते. खाणग्रस्त गावांनी तिचा हिशेब मागावा. नव्या खाणीची जनसुनावणी लागली, तर उन्हाळ्यात कोणता झरा किती वाहतो याची नोंद आधी मागावी, कारण भर पावसात केलेल्या पाहणीत प्रत्येक झरा भरलेलाच दिसतो.