मोटली नर, स्ट्राइप मादी, मग ही पिल्लं कोणाची?

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॉर्न स्नेक या पाळीव सापांची जोडी आहे, नर मोटली (पाठीवर गोल डागांचा) आणि मादी स्ट्राइप (लांब पट्ट्यांची). दोन्ही जीन रिसेसिव, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसणारे, आहेत असं वाचलं होतं म्हणून मला वाटलं पिल्लं सगळी नॉर्मल निघतील आणि दोन्ही जीन आत लपलेले राहतील. पण 14 पिल्लं निघाली आणि त्यात एकही नॉर्मल नाही, काहींच्या पाठीवर मोटलीसारखे गोल, काहींना तुटक तुटक पट्टे, आणि 3 पिल्लं तर लाल डोळ्यांची, आईबाप दोघंही साध्याच रंगाचे असताना! मित्र म्हणून राहिले की विकणाऱ्याने नर दुसराच दिला. खरंच फसलो का मी? पुढे जोड कशी लावू?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, फसला नाहीत तुम्ही. उलट हीच पिल्लं सांगतात की नर खरंच मोटली आहे आणि मादी खरंच स्ट्राइप.

तुमचा हिशोब चुकला तो एकाच ठिकाणी. प्रत्येक जीनची एक ठरलेली जागा असते आणि त्या जागेच्या दोन कॉपी सापाकडे असतात, एक आईची, एक बापाची. दोन वेगवेगळ्या जागांवरचे रिसेसिव असते तर तुम्ही म्हणता तसंच झालं असतं, कारण दोन्ही जागांवर एकेक नॉर्मल कॉपी मिळाली असती. पण मोटली आणि स्ट्राइप हे एकाच जागेचे दोन प्रकार आहेत. बापाकडे देण्यासारखं मोटलीच, आईकडे स्ट्राइपच, म्हणजे प्रत्येक पिल्लात एक मोटली बसला, एक स्ट्राइप बसला, आणि नॉर्मलला बसायला जागाच उरली नाही. नॉर्मल या दोघांना झाकतो, पण तो नसला की या दोघांत मोटली बराचसा वरचढ दिसतो, पूर्ण नाही, म्हणून कोणाला गोल, कोणाला लांबट डाग, कोणाला तुटके पट्टे. दिसायला वेगवेगळी असली तरी या जागेपुरती तुमची 14 ही पिल्लं अगदी सारखी आहेत. एकदा पोट उलटवून बघा, नॉर्मल कॉर्न स्नेकच्या पोटावर मक्याच्या रंगीत दाण्यांसारखे काळेपांढरे चौकोन असतात, मोटली-स्ट्राइपवाल्यांचं पोट साफ असतं.

यावरून खरेदीतली एक गोष्ट लक्षात ठेवा, फार कामाची आहे. कोणी “नॉर्मल, हेट मोटली, हेट स्ट्राइप” म्हणून साप विकत असेल तर घेऊ नका. हेट म्हणजे जीन एकाच कॉपीत, लपलेला. कॉपी दोनच, त्यात मोटली पण आणि स्ट्राइप पण असेल तर तो साप नॉर्मल दिसूच शकत नाही.

आता लाल डोळे. ही अमेल पिल्लं, काळं रंगद्रव्य बनतच नाही यांच्यात. हा जीन वेगळ्या जागेवरचा आहे, पॅटर्नशी संबंध नाही. 2015 साली जिनिव्हाच्या संशोधकांनी तो ओसीए2 या जीनमध्ये शोधला, माणसांतल्या एका प्रकारच्या अल्बिनिझममध्ये पण हाच जीन बिघडलेला असतो. तुमचे नर-मादी दोघंही हेट अमेल निघाले, अशा जोडीत प्रत्येक अंड्याला चारात एक चान्स, 14 मध्ये 3 म्हणजे बरोबर बसतंय. उरलेली 11 पिल्लं द्याल तेव्हा “66 टक्के हेट अमेल”, म्हणजे हेट असण्याचा 66 टक्के चान्स, असं लिहून द्या, पक्कं हेट म्हणू नका, घेणाऱ्याची तीन वर्षं वाया जातात हो.

पुढची जोड. या पिल्लांना आपसात लावलं तर पाव मोटली, पाव स्ट्राइप, अर्धे यांच्यासारखेच. पण भाऊबहीण लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरचा स्ट्राइप आणा, अर्धे स्ट्राइप आणि अर्धे मिश्र मिळतील. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय घाई नको.

अजून एक, कारण आपण नागपुरात राहतो. अंडी मे मध्ये पडतात तेव्हा बाहेर 45 डिग्री असतं, कूलरच्या भरवशावर खोली राहत नाही आणि लाइट गेली की संपलं. अंड्यांना 28 च्या आसपास लागतं, साधारण दोन महिने. जास्त तापली की पिल्लं वाकड्या मणक्याची निघतात किंवा डाग विस्कटतात, आणि असा उष्णतेने विस्कटलेला पॅटर्न पुढच्या पिढीत जात नाही, तो नवा मॉर्फ (जीनमुळे येणारा रंग-नक्षीचा प्रकार) समजून जोड लावत बसू नका. थर्मोस्टॅट आणि इन्व्हर्टर, दोन्ही घ्याच.

प्रश्न : कॉर्न स्नेकसारखीच धामण पकडून पाळता येते का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : नाही. आपल्याकडच्या सापांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, धामण घरात ठेवणं गुन्हा आहे. घरात शिरलीच तर मारू नका, स्वतः पकडू पण नका, सर्पमित्राला बोलवा. आणि ज्यांच्याकडे कॉर्न स्नेक आहे त्यांनी तो नको झाला म्हणून शेतात सोडायचा नाही, तो अमेरिकेतला साप आहे, इथला नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.