बांधावर झाडं लावली तर सोयाबीन-तूर मार खाईल का?

झाड चुकीच्या बांधावर लावलं तर मार खाणारच. तुमची बीड जिल्ह्यातली तीन एकर कोरडवाहू, त्यात दोन काळी आणि चढाची एक मुरमाड, असं तुम्ही लिहिलंय. मग सगळीकडं एकच झाड नको.

काळ्या रानात साग फक्त उत्तरेच्या बांधावर, दोन झाडांत 2 ते 3 मीटर अंतर ठेवून. हिवाळ्यात सावली उत्तरेकडं पडते, त्यामुळं तुमचा हरभरा मोकळा राहतो. पलीकडं शेजाऱ्याचं रान असेल तर आधी त्याला विचारा. बांधाची भांडणं तहसीलपर्यंत जातात. तिसऱ्या वर्षापासून शेताच्या बाजूनं, झाडापासून तीन फुटांवर दोन फूट खोल चर मारा, म्हणजे पिकात शिरणारी आडवी मुळं तुटतात. ई-पीक पाहणीत (सरकारच्या मोबाइल ॲपवरची पिकांची नोंद) बांधावरची झाडं नोंदवा, कारण साग तोडायला परवानगी लागते. सागाचे पैसे बहुधा पुढच्या पिढीच्याच हातात पडतील.

उरलेल्या बांधांवर गिरिपुष्प, म्हणजे पाल्याचं हिरवळीचं खत देणारं झाड. कोरडवाहूत फांद्या खोचण्यापेक्षा बियांची रोपं बरी, त्यांचं मूळ खोल जातं. कमरेएवढ्यावर छाटून पाला पिकाच्या ओळींत टाकत राहा.

मुरमाड एकरात सीताफळ, 5×5 मीटरवर, म्हणजे साधारण 160 झाडं. मे महिन्यात दोन फुटी खड्डे तापू द्या. वरची माती आणि दोन घमेली शेणखतानं भरा, चार बोटं उंचच ठेवा. खोलगट राहिला तर पाणी साचून बुंधा कुजतो. पहिली तीन वर्षं मध्ये मूग-उडीद घ्या. तूर नको, ती डोक्यावर चढते आणि पावसानंतरची ओल ओढून घेते.

झाडं मरतात ती पहिल्या उन्हाळ्यात. आळ्यात चार बोटं सोयाबीनचं भुसकट घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. काळ्या बांधावर भेगा पडल्या की खुरप्यानं लगेच बुजवा. भेगेत मुळं तुटतात, ओलही उडते. मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी झाडाला 10 लिटर धरा. 160 झाडांना एका पाळीला 1600 लिटर झाले. तेवढ्याची सोय नसेल तर यंदा 80 झाडंच लावा. सीताफळाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. सागाची कोवळी रोपं जनावरांच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून पहिली दोन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा.