खोटं रक्त, खऱ्या कत्तली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) या इटालियन चित्रपटात एका मुलीच्या शरीरातून खांब आरपार गेलेला दिसतो. हे कसं केलं? (सोलापूर)

उत्तर : खांब आरपार गेलेलाच नाही. लोखंडी खांबाच्या वरच्या टोकाला सायकलची सीट बसवली, अभिनेत्रीला तिच्यावर बसवलं आणि बाल्सा लाकडाचा एक आखूड तुकडा दातांत धरायला दिला. मान मागे, नजर आभाळाकडे, अंगावर रक्त. मधला खांब प्रेक्षक मनातच जोडून घेतो. बाल्सा फार हलकं असतं, त्यामुळे जबड्यावर ताण येत नाही आणि तुकडा थरथरत नाही.

शॉर्ट फिल्मसाठी करणार असाल, तर खऱ्या खांबावर माणूस बसवूच नका. स्टुलावर बसवा आणि कमरेच्या वरची फ्रेम घ्या. खांबाचा तुकडा आणि तोंडातला तुकडा यांची जाडी, रंग आणि रेष तंतोतंत जुळायला हवी. शॉट दोन-तीन सेकंदांचाच ठेवा. श्वासाने पोट हललं की सगळं मुसळ केरात.

प्रश्न : आमचं रक्त पडद्यावर गुलाबी सरबतासारखं दिसतं. (नाशिक)

उत्तर : रंग जास्त नि दाटपणा कमी, म्हणून. एक वाटी लिक्विड ग्लुकोज, दोन चमचे गरम पाणी, एक छोटा चमचा खाण्याचा लाल रंग, पाव चमचा कोको आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको आधी गरम पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. गुलाबी झाक कोकोनेच जाते, कारण त्याने मिश्रण अपारदर्शक होतं. साखरेचा पाक वापरू नका. वाळला की त्यात कण धरतात आणि दिव्याखाली चकाकतात. त्वचेवर आधी व्हॅसलीनचा पातळ हात द्या, नाहीतर लाल डाग दोन दिवस हटत नाही. पांढऱ्या सुती कपड्याची आशा सोडा. बाहेर शूटिंग असेल तर रक्त शॉटच्या ऐन वेळी लावा, मुंग्या वाट पाहत नाहीत.

प्रश्न : दिग्दर्शकावर खरंच खुनाचा संशय आला होता? (ठाणे)

उत्तर : हो. फेब्रुवारी १९८० मध्ये मिलानला प्रदर्शन झालं आणि दहाएक दिवसांत चित्रपट जप्त झाला. आधी अश्लीलतेचा आरोप, मग कलाकार खरोखरच मारले गेले असा संशय. दिग्दर्शक रुग्गेरो देओदातोने कलाकारांकडून वर्षभर माध्यमांपासून दूर राहण्याचा करार करून घेतला होता, तोच त्याच्या अंगाशी आला. शेवटी त्याला त्यांना हजर करावं लागलं, खांबाची युक्तीही समजावून सांगावी लागली. खुनाचा आरोप गेला, पण अश्लीलता आणि प्राण्यांवरील क्रौर्य यांवरून शिक्षा झालीच. इटलीतली बंदी १९८४ मध्ये उठली.

फसवणुकीला कॅमेऱ्याचाही हातभार होता. कथेत माहितीपट करणारं एक पथक जंगलात हरवतं आणि त्याचं चित्रण नंतर सापडतं. हे 'सापडलेलं' चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर, हातात कॅमेरा धरून केलं. बाकी भाग ३५ मिलिमीटरवर. दाणेदार, हलती फ्रेम दिसली की प्रेक्षकाचा संशय गळतो.

प्रश्न : मग प्राणी तरी खोटे ना? (पणजी)

उत्तर : नाही. कासव, साप, कोळी, डुक्कर, कोआटी नावाचा छोटा प्राणी आणि माकड, सगळे कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले. माकडाचा शॉट दोनदा घेतला, म्हणजे माकडं दोन. याचं समर्थन कलेच्या नावाने होऊच शकत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चित्रपटातल्या पथकाचा जुना माहितीपट म्हणून जे देहदंड दाखवले आहेत, ते जुन्या चित्रणातले खरे आहेत. पण पात्रांच्या तोंडून ते बनावट असल्याचं सांगितलं जातं. खरा मृत्यू खोटा ठरवला आणि खोट्यापायी कोर्ट बसलं.

प्रश्न : कोणती आवृत्ती पाहावी? (पुणे)

उत्तर : ब्रिटनमध्ये २००१ साली जवळजवळ सहा मिनिटं कापून मंजुरी मिळाली; २०११ मध्ये फक्त पंधराएक सेकंद, कोआटीच्या प्रसंगातली, कापली गेली. म्हणजे बाकीचे प्राणी त्यात आहेतच. ते बघवत नसेल तर प्राण्यांचे प्रसंग वगळण्याचा पर्याय असलेली अमेरिकन डिस्क शोधा. रिझ ओर्तोलानीचं गोड, जवळजवळ अंगाईसारखं संगीत तिच्यातही शाबूत आहे, आणि चित्रपटात सगळ्यात अस्वस्थ करतं ते तेच.