ठिपके मोजायची नोकरी: चार पत्रं, चार उत्तरं

एखादं रसायन आपल्या डीएनएला धक्का लावतं का, हे तपासणारं शास्त्र म्हणजे जेनेटिक टॉक्सिकॉलॉजी. आमच्यात नुसतं 'जेनटॉक्स' म्हणतात. औषध असो की कीटकनाशक, परवानगी मिळण्याआधी त्याला या चाळणीतून जावं लागतं. रबाळ्याच्या एका लॅबमध्ये मी वीस वर्षं हेच केलं. आता ठाण्यात घरून सल्ल्याचं काम करते. आलेल्या पत्रांपैकी ही चार.

कळव्याहून एक विद्यार्थी: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात आमच्यासारख्यांना जागा आहे का?

अरे, पहिली जागा तुमचीच. या शास्त्रातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी एम्स चाचणी जिवाणूंवरच चालते. ब्रूस एम्स यांनी ती १९७० च्या दशकात बसवली. साल्मोनेला या जिवाणूचे काही वाण हिस्टिडिन, म्हणजे वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल, स्वतः बनवू शकत नाहीत. रसायनामुळे नेमक्या जागी उत्परिवर्तन झालं, की ती क्षमता परत येते आणि प्लेटवर कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, उगवते. काही रसायनं यकृतातून गेल्यावरच घातक होतात, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क, म्हणजे एस-९, घालून आणि न घालून अशी दोन्हीकडून चाचणी होते.

हे मुलाखतीत सगळेच सांगतात. तू प्लेट वाचायला शीक. नवीन असताना मी एका वरच्या डोसच्या प्लेटवर भरपूर कॉलनी मोजल्या आणि उड्या मारत साहेबांकडे गेले. त्यांनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खाली जिवाणूंची जी पातळ साय असायला हवी, ती जवळपास गायब! रसायन विषारी होतं, बहुतेक जिवाणू मेले होते, आणि उरलेल्यांनी प्लेटमधल्या आगार जेलीतलं चिमूटभर हिस्टिडिन वाटून खाऊन टाचणीच्या टोकाएवढे ठिपके काढले होते. उत्परिवर्तन शून्य. तो अहवाल तसाच गेला असता, तर एका निर्दोष रसायनावर डाग बसला असता. कॉलनी मोजायला यंत्र आहे रे, साय बघायला माणूसच लागतो.

ऐरोलीहून एक वडील: मुलीला महाप्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. रोज म्युटाजेन हाताळते म्हणते. पुढे लग्न, मुलंबाळं... आम्ही धास्तावलो आहोत.

धास्ती रास्त आहे, हसण्यावारी नेणार नाही. चाचणी नीट चालली हे दाखवायला प्रत्येक वेळी खात्रीशीर म्युटाजेनही, म्हणजे उत्परिवर्तन घडवणारं रसायनही, लावावं लागतं: सोडियम अझाइड, मायटोमायसिन-सी वगैरे. प्लेटवर ते मायक्रोग्रॅममध्ये जातं. खरा धोका मूळ पावडर वजन करताना. म्हणून तिला चार गोष्टी विचारा. वजन बंदिस्त कॅबिनेटमध्ये होतं का? हातमोजे किती वेळाने बदलतात? म्युटाजेनचा कचरा वेगळा जातो का? आणि उरलेलं अझाइड कुठे टाकतात? 'बेसिनमध्ये' म्हणाली, तर दुसरी नोकरी शोधायला सांगा. तांब्या-शिशाच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार साठतात, आणि जी लॅब एवढंही पाळत नाही ती बाकीचं काय पाळणार?

गरोदरपणाचं म्हणाल, तर माझ्या दोन्ही वेळी मी लेखी कळवून अहवालाच्या टेबलावर बसले. चांगल्या लॅबमध्ये यावर कोणी कपाळाला आठी घालत नाही.

घणसोलीहून: नऊ वर्षं लॅबच्या बेंचवर आहे. आता औषधांतल्या अशुद्धींचं मूल्यांकन सॉफ्टवेअरच करतं म्हणे. आमचं काय?

आधी एक गंमत. आपल्याकडे टीटीसी म्हटलं की ठाणे-बेलापूर पट्टा, ट्रान्स ठाणे क्रीक. आमच्या शास्त्रात टीटीसी म्हणजे चिंतेची उंबरठा-मर्यादा: औषधातली म्युटाजेनिक अशुद्धी आयुष्यभर रोज पोटात जाणार असेल, तर दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम. एम-७ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत रेणूच्या रचनेवरून अंदाज बांधायला दोन वेगळ्या पद्धतींची सॉफ्टवेअरं चालतात, एक नियमांवर बेतलेलं आणि एक सांख्यिकीवर. दोघांचं पटलं नाही तर निकाल माणूस देतो. म्हणजे तुमच्यासारखा, ज्याने नऊ वर्षं प्लेट पाहिल्यात.

आणि काम आटलेलं नाही. २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसअमाइन गटातलं रसायन सापडलं, तेव्हापासून या गटाने सगळ्यांची झोप उडवली. नायट्रोसअमाइनना १.५ ची सवलत सरसकट मिळत नाही. त्यांच्यासाठी एम्स चाचणीही वेगळी लावतात, हॅमस्टरच्या यकृताचा एस-९ घेऊन, तोही जास्त प्रमाणात. हे हाताने करून बघितलेली माणसं हवीच आहेत.

तुम्ही आता स्टडी डायरेक्टर, म्हणजे अख्ख्या चाचणीची जबाबदारी घेऊन अहवालावर सही करणारा, व्हायच्या मागे लागा. २०११ पासून भारतातल्या जीएलपी (चांगल्या प्रयोगशाळा पद्धतीचे नियम पाळणाऱ्या) लॅबचा डेटा ओईसीडी या संघटनेच्या देशांत ग्राह्य धरला जातो. त्यामुळे महाप्यात केलेली सही तिकडे चालते, आणि चुकली तर तिकडून प्रश्नही येतात. तेवढी एकच सवय आत्ताच लावून घ्या: आकडा चुकला तर एक रेघ, खाली कारण, सही, तारीख. व्हाइटनर घरी ठेवा.

खारघरहून: पर्यावरणातल्या म्युटाजेनवर पीएच.डी. करावी का?

पगारासाठी असेल तर नको. प्रश्न डोक्यातून जात नसेल तर कर. घोडबंदर रोडवरच्या काजळीतही विषय आहे. डिझेलच्या धुरातले नायट्रो-रेणू साल्मोनेलाच्या टीए-९८ वाणाला चटकन जाणवतात, आणि हा धूर २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या, म्हणजे खात्रीच्या कर्करोगकारकांच्या, गटात आहे. तुझ्या दारातच अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे, लखनौला आयआयटीआर ही विषशास्त्राची संस्था. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांचे शोधनिबंध वाचून थांबू नकोस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला चहाला ने आणि विचार, पाच वर्षांत बाहेर पडलास की सात?